रासलैन

आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, त्सित्सेर्नाकाबेर्द स्मारकासाठी आमच्या आयटिनररीत चाळीस मिनिटं असतात. 44 मीटरचा दगडी सुळका, ज्योतीभोवती आत झुकलेल्या 12 शिळा, फोटो, की बसमध्ये. टूर मॅनेजर म्हणून माझं बसमधलं भाषणही पाठ: "पहिल्या महायुद्धात मेलेल्या आर्मेनियन लोकांचं हे स्मारक."

त्या दिवशी लोकल गाईडबाईंनी माझ्या मराठीतून नेमकं 'महायुद्ध'च पकडलं. म्हणजे काय सांगितलंस, म्हणाल्या. मी इंग्रजीत सांगितलं. "युद्धात नाही मेले. त्यांच्याच सरकारनं मारले," एवढं बोलून त्यांनी माईक घेतला. मी भाषांतर करत राहिलो.

हे आर्मेनियन ऑटोमन साम्राज्याची, म्हणजे तुर्की सुलतानाची प्रजा. 1912-13 च्या बाल्कन युद्धांत या साम्राज्याचा युरोपातला जवळजवळ सगळा मुलूख गेला. तिकडून हाकललेले मुसलमान निर्वासित लाखांनी अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, आले. उरलेला मुलूख तुर्कांचाच राहिला पाहिजे, हे सत्तेवरच्या 'तरुण तुर्क' पक्षाच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यात सारिकामिशच्या बर्फात युद्धमंत्री एन्वर पाशानं रशियाविरुद्ध फौज घालवली आणि खापर फोडलं आर्मेनियनांवर. 24 एप्रिल 1915 ला इस्तंबूलमधले त्यांचे लेखक, पुढारी उचलले. मेअखेरीस कायदा झाला. कागदावर शब्द होता 'स्थलांतर'. पुरुषांना बहुतेक ठिकाणी वेगळं काढून मारलं. बायका-पोरं, म्हातारे सीरियाच्या वाळवंटाकडे पायी.

बस गप्प होती. एरवी मागच्या सीटवर चकल्यांचा डबा फिरत असतो.

संग्रहालयात नकाशापुढे बाईंनी बोट ठेवलं: रास-अल-ऐन, सीरियात. त्यांच्या पणजीला इथल्या छावणीपर्यंत चालवत नेलं होतं. मागून कोरेगावचे एक काका पुढे आले. "परत सांगा नाव."

काकांचे आजोबा मराठा पलटणीत. इंग्रजांच्या हिंदी फौजेची पूना डिव्हिजन इराकमध्ये कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकली, एप्रिल 1916 मध्ये शरण गेली आणि हिंदी कैद्यांना वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर आणलं. (कूत मी शाळेत एका ओळीत वाचलं होतं. परीक्षेला यायचं नाही.)

"काय सांगायचे ते?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो. पण पुण्याला जायचं तरी रेल्वेत पाय ठेवायचे नाहीत. एसटी नसली तर दुसऱ्या दिवशी जायचे. आम्ही पोरं हसायचो. एकदाच म्हणाले होते, रुळाच्या कडेनं बायका-लेकरं बसलेली असायची, सकाळी त्यातली कमी झालेली."

हे इंग्रजीत सांगताना मी अडखळलो. बाईंनी खुणेनंच कळलं म्हणून सांगितलं. खिशात फोन वाजत होता, रेस्टॉरंटवाला. अर्धा तास उशीर, म्हणालो.

बसपाशी काका थांबले. "घरी दाखवायला ते नाव लिहून द्या." रूमिंग लिस्टच्या पाठीमागे मी लिहिलं: रास-अल-ऐन. काकांनी चष्मा वर करून वाचलं.

"असं नाही. आजोबा रासलैन म्हणायचे."

मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.