परतीची स्प्रिंग

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

गेले तीन आठवडे डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणकत आहे. त्याचे मूळ वयात नसून पेडल स्टील गिटारीच्या एका लिव्हरमध्ये आहे, हे मान्य करण्यात मी उगाच इतके दिवस घालवले. ही दहा तारांची, आडवी ठेवून वाजवायची गिटार; पायाखालची पेडले आणि गुडघ्यांजवळचे लिव्हर तिच्या तारांचे सूर चढवतात किंवा उतरवतात. डावा गुडघा उजवीकडे रेटला की हा लिव्हर चौथी आणि आठवी या ई सुराच्या दोन्ही तारा अर्धा सूर खाली आणतो. दिवसभरात तो किमान दोनशे वेळा ढकलला जात असेल. माझी गिटार जुनी असून ती मी दुसऱ्याच्या हातची घेतली आहे, आणि तिच्यावर हा लिव्हर ढकलणे म्हणजे गंजलेल्या बिजागरीचे दार गुडघ्याने उघडण्यासारखे आहे.

जेवणानंतर गिटार गादीवर उलटी ठेवली आणि टॉर्च घेऊन बसलो. प्रत्येक तारेचे मागचे टोक चेंजरमधल्या, म्हणजे सूर बदलणाऱ्या यंत्रणेतल्या, धातूच्या एका बोटाला अडकवलेले असते. पेडल दाबले की खालचा रॉड ते बोट ओढतो, तार ताणली जाते आणि सूर चढतो. पाय उचलला की तारेचा स्वतःचाच ताण बोटाला जागेवर आणतो, त्यासाठी स्प्रिंग लागत नाही. उतरवण्याची व्यवस्था वेगळी आहे. त्यासाठी बोटाच्या खाली आणखी एक तुकडा असतो आणि एक स्प्रिंग त्याला अटकावाच्या पट्टीवर घट्ट दाबून धरते. गुडघ्याने लिव्हर ढकलला की तो तुकडा पट्टीपासून सुटतो, तारेला थोडी ढील मिळते आणि सूर खाली येतो. गुडघा त्या वेळी या स्प्रिंगेशी झुंजत असतो. माझ्या गिटारीवर प्रत्येक स्प्रिंगेसाठी तीन भोके आहेत (काही गिटारींवर भोकांऐवजी स्क्रू असतो), आणि आधीच्या मालकाने दहाही स्प्रिंगा शेवटच्या, म्हणजे सर्वांत ताणलेल्या भोकात अडकवून ठेवल्या होत्या.

हे पाहताच मला रोगाचे निदान झाल्यासारखे वाटले आणि, नंतर पश्चात्ताप व्हावा अशाच उत्साहात, मी आईकडून क्रोशाची सुई मागून आणली आणि दहाही स्प्रिंगा एकेक भोक सैल केल्या. गिटार सरळ केली, खुंट्यांनी मोकळ्या तारा जुळवल्या आणि लिव्हर ढकलला. तो लोण्यासारखा हलला. दहा मिनिटे मी अतिशय सुखात होतो.

त्यानंतर दुसरे पेडल दाबले. ते तिसरी आणि सहावी तार जी शार्पवरून ए वर, म्हणजे अर्धा सूर वर नेते. सहावी बरोबर चढली. तिसरी मात्र ए च्या अलीकडेच कणसूर होऊन थांबली, आणि थांबल्यावरही तिचा सूर किंचित डुलत राहिला. मी रॉडच्या टोकाचा नायलॉनचा नट किल्लीने थोडा आवळला, तसा सूर जरासा चढला. आणखी आवळला, तेव्हा जागचा हलेना. नट फिरत होता, ट्यूनरचा काटा हलत नव्हता, आणि नेमके काय बिघडले आहे हे मला कळत नव्हते. चिडून दिवा मालवला.

रविवार, दुपार

सकाळी आई चहा घेऊन आली तेव्हा मी पुन्हा जमिनीवर होतो. आमच्याकडे येऊन तिला चार महिने झाले आहेत. या गिटारीला ती "तुझी आडवी पडलेली शिलाई मशीन" म्हणते. स्प्रिंगांची गोष्ट ऐकल्यावर ती सहज म्हणाली, "तुझ्या बाबांनी एकदा पेटीच्या स्प्रिंगा सैल केल्या होत्या, बोटं दुखतात म्हणून. मग भाता मारला की कोणी पट्टीला हात न लावताच पेटी आपली रडायला लागायची. भजनाला बसलेले सगळे हसले."

मी कप खाली ठेवला. पेटीच्या पट्टीखालची स्प्रिंग बोट वर उचलण्यासाठी असते असे मला लहानपणापासून वाटत आले होते. खरे तर ती झडप बंद ठेवण्यासाठी असते. भात्यातल्या हवेचा दाब झडपेला उघडायला बघतो आणि स्प्रिंग तिला दाबून धरते. चेंजरमधल्या स्प्रिंगेचे कामही असेच आहे. ती उतरलेल्या तारेला परत आणते खरी, पण तिचे पहिले काम खालचा तुकडा पट्टीवरून हलू न देणे हे आहे, आणि सूर चढवताना त्या तुकड्यावर येणारा ओढा वाढतो. काल मी नट आवळत होतो, तेव्हा रॉडची वाढीव ओढ तारेपर्यंत पोचतच नव्हती. सैल स्प्रिंग ती वाटेतच गिळत होती. टॉर्च धरून पेडल दाबले, तेव्हा तिसऱ्या तारेचा तो तुकडा पट्टीपासून केसभर सुटताना प्रत्यक्ष दिसला.

मग कागद घेतला. माझ्या गिटारीची मोकळी तार २४ इंचांची आहे आणि चौथी तार ०.०१४ इंच जाडीची आहे. ई सुरात तिच्यावर साधारण २८ पौंड, म्हणजे जवळपास १३ किलो ताण येतो. तिसरे पेडल तिला ई वरून एफ शार्पवर, म्हणजे पूर्ण एक सूर वर नेते, तेव्हा तो ताण सव्वापटीने वाढून १६ किलोंवर जातो. चौथीच्या स्प्रिंगेने हा जास्तीचा ताण पेलायला हवा, मोकळ्या तारेचा ताण पेलून भागत नाही. आठवी तारही ई चीच, फक्त खालच्या सप्तकातली. पण माझ्या जुळणीत तिला जास्तीत जास्त अर्धा सूर वर, एफ पर्यंतच जायचे असते, आणि तेवढ्यासाठी ताण जेमतेम आठव्या हिश्शाने वाढतो. एकाच लिव्हरवर बसलेल्या या दोन तारांच्या गरजा इतक्या वेगळ्या असताना दोन्ही स्प्रिंगा सारख्याच ताणून ठेवण्यात काय अर्थ होता?

तिसऱ्या तारेबाबत तर मी निव्वळ मूर्खपणा केला होता. ती माझ्या गिटारीवर कधी खाली उतरतच नाही. तिची स्प्रिंग गुडघ्याला किंवा पायाला कधी जाणवतच नाही, त्यामुळे ती कितीही घट्ट असली तरी माझे काही बिघडत नव्हते, आणि सैल करून मी फक्त तिची पकड घालवली. याउलट दुसरी आणि नववी तार फक्त उतरतात, चढत कधीच नाहीत. त्यांच्या स्प्रिंगांना मोकळ्या तारेचा ताण पेलला की काम संपते, म्हणून त्या सगळ्यांत सैल ठेवता येतात.

हा सगळा खटाटोप इतका का करायचा, असे माझ्या मुलीने विचारले. मी तिला १९५४ सालची, अमेरिकन कंट्री गायक वेब पिअर्सची 'स्लोली' ही तबकडी ऐकवली. त्यात पेडल स्टील वाजवणाऱ्या बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबले आहे. त्याच्याआधीही पेडले होती, पण त्यांचा उपयोग बहुधा जुळणी बदलण्यासाठी होत असे. या तबकडीनंतर सुराचा प्रवासच लोकांना ऐकू येऊ लागला, आणि प्रवास ऐकू येतो म्हटल्यावर परतीचा मार्गही ऐकू येणारच. आपल्याकडची मींड ऐकलेल्या कानाला हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटचा सूर किंचित जरी चुकला, तरी सगळी मींड वाया जाते. मुलीला ते पटले की नाही कोण जाणे. ती "बाबा, हे थोडं रडकं आहे" एवढेच म्हणाली.

दुपारी नव्याने सुरुवात केली. आधी चेंजरच्या जोडांमध्ये गोठलेले जुने तेल नॅफ्थाने (पेट्रोलसारख्या द्रावकाने) धुऊन काढले आणि प्रत्येक जोडावर आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. हे कालच करायला हवे होते, कारण लिव्हर जड होण्यात निम्मा वाटा या चिकटपणाचा निघाला. मग तिसरी, पाचवी, सहावी आणि दहावी तार पुन्हा घट्ट भोकात घातली. दुसरी आणि नववी सर्वांत सैल भोकात गेली. चौथी मधल्या भोकात ठेवली, आठवी सैल भोकात.

बुधवार, रात्र

तीन संध्याकाळी एकच परीक्षा घेतली. तार छेडायची, लिव्हर ढकलून सूर उतरवायचा, सोडायचा आणि ट्यूनर पाहायचा; मग तीच तार पेडलने चढवून सोडायची आणि पुन्हा पाहायचे. दोन्ही बाजूंनी परतल्यावर सूर एकाच जागी यायला हवा. चौथी तार उतरून परतताना दोन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली राहते आणि चढून परतताना बरोबर येते. तिची स्प्रिंग घट्ट भोकात घालून पाहिली, तर हा फरक अर्ध्या सेंटवर आला, पण गुडघ्याला लगेच पहिल्या दिवसाची आठवण झाली. मी ती मधल्या भोकातच ठेवली आहे. दोन सेंट मला ऐकू येतात, इतरांना यायची शक्यता कमी आहे, आणि डाव्या हातातली, तारांवर सरकवायची लोखंडी दांडी मी वाजवताना याहून अधिक चुकवत असतो.

आठवी तार मात्र सैल भोकातच अगदी बिनचूक परतते. रॉड आणि बोट यांच्यात पेडल मोकळे असताना कागदाच्या जाडीइतकी फट राहील, एवढे तिचे नट मागे सोडले आहेत. नाही तर मोकळा सूरच चढा राहतो.

गुडघा अजून दुखतो, पण आज सलग तासभर वाजवूनही थांबावे लागले नाही. क्रोशाची सुई आईला परत दिली. तिचे टोक थोडे वाकले आहे असे मला वाटले नव्हते. तिने ती उजेडात धरून पाहिली, काही बोलली नाही आणि दुसरी सुई घेऊन विणायला बसली.