पेनड्राइव्ह लावला की प्रोसेसर का तापत होता

माझ्या जुन्या, दोन कोअरच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम अगदी छान चालतं. त्रास फक्त एका कामात व्हायचा: पेनड्राइव्हवर मोठे व्हिडिओ कॉपी करताना. कॉपी सुरू झाली की पंखा घोंघावायचा, माउस अडखळायचा, ब्राउझर जागेवरून हलायचा नाही. पेनड्राइव्ह काढला की सगळं शांत.

पेनड्राइव्ह स्लो आहे, दुसरा घे, असा सल्ला मिळाला. पण मला तो पटला नाही. पेनड्राइव्ह स्लो असेल तर प्रोसेसर नुसता खोळंबतो, राबत नाही. टर्मिनलमध्ये टॉप (प्रोसेसर कशात गुंतलाय ते दाखवणारी आज्ञा) चालवलं की हा फरक वरच्याच ओळींत दिसतो. 'डब्ल्यूए' (wa) हा आकडा मोठा असेल तर प्रोसेसर डिस्कची वाट बघतोय. माझ्याकडे तो किरकोळ होता, 'यूएस' (us, प्रोग्रॅम्सचं काम) आणि 'एसवाय' (sy, कर्नलचं म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं काम) मात्र चढलेले. (टॉपमध्येच दिसणाऱ्या लोड ॲव्हरेजवरून, म्हणजे सरासरी भारावरून, इथे काही ठरवू नका, लिनक्स त्यात डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही मोजतं.) डीमेसेजमध्येही (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) यूएसबी रीसेट झाल्याची एकही ओळ नव्हती, म्हणजे पोर्ट किंवा पेनड्राइव्ह खराब असल्याची खूण नाही.

टॉपच्या यादीत सगळ्यात वर होतं माउंट.एनटीएफएस. तिथेच उलगडा झाला.

फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये (फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत) ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून पेनड्राइव्ह एनटीएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेला होता. माझ्या मिंटवर एनटीएफएस वाचण्या-लिहिण्याचं काम एनटीएफएस-३जी हे सॉफ्टवेअर करत होतं (टॉपमधलं माउंट.एनटीएफएस ते हेच), आणि ते कर्नलच्या आत चालत नाही. ते फ्यूजवर उभं आहे, म्हणजे साध्या प्रोग्रॅमसारखं बाहेर चालतं. लिहायचा प्रत्येक तुकडा आधी कर्नलमधून बाहेर या प्रोग्रॅमकडे येतो आणि तिथून पुन्हा कर्नलमधून पेनड्राइव्हकडे जातो. त्यातून एरवी हा तुकडा असतो फक्त ४ केबीचा. १ जीबीसाठी असे २,६२,१४४ तुकडे! पोत्यातला तांदूळ चिमटीचिमटीने दुसऱ्या पोत्यात भरावा तसं हे काम. जुना प्रोसेसर त्यात दमणारच.

पेनड्राइव्ह अनमाउंट केला (लिनक्सपासून सोडवला) आणि टर्मिनलमधून बिग_राइट्स हा पर्याय देऊन पुन्हा माउंट केला (जोडला). आता एक तुकडा १२८ केबीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे १ जीबीला ८,१९२ तुकडे पुरतात. फरक लगेच जाणवला, कॉपी चालू असताना ब्राउझर वापरता येऊ लागला. एक कळकळीची सूचना: कॉपी चालू असताना माउंट.एनटीएफएस किल (बळजबरीने बंद) करू नका. ती प्रोसेस म्हणजेच तुमची फाइल सिस्टिम आहे, अर्धवट लिहिलेला डेटा हातचा जाईल.

नंतर पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट या तिसऱ्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केला, आणि माझ्या मते हाच खरा उपाय. लिनक्स ५.४ पासून एक्सफॅटचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, विंडोजही ते वाचतं आणि ४ जीबीची अडचण राहत नाही. फॉरमॅट करण्यासाठी एक्सफॅटप्रॉग्ज हे पॅकेज लागतं. मात्र एक्सफॅटमध्ये जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसतं, त्यामुळे पेनड्राइव्ह इजेक्ट केल्याशिवाय उपटायचा नाही.

एनटीएफएसच ठेवणं भाग असेल, तर लिनक्स ५.१५ पासून कर्नलमध्ये एनटीएफएस३ हा ड्रायव्हर आला आहे. माउंट करताना त्याचं नाव द्यायचं. विंडोजमधून नीट इजेक्ट न केलेला पेनड्राइव्ह तो नाकारू शकतो, तेव्हा विंडोजमध्ये चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवून घ्या आणि मग पुन्हा लावा.