‘कम्प्लीटेड’ दिसलं म्हणजे शिकून झालं?

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या कारखान्यात एलएमएस (ऑनलाइन प्रशिक्षण चालवून त्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आलं की पहिला गैरसमज हाच. स्कॉर्म १.२ मध्ये (कोर्सने एलएमएसला प्रगती कळवायची ठरलेली पद्धत) ‘कम्प्लीटेड’ आणि ‘पास्ड’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. शेवटची स्लाइड उघडली की ‘कम्प्लीटेड’ असं कोर्समध्ये ठरवलेलं असेल, तर ऑपरेटर काहीही न वाचता भराभर ‘नेक्स्ट’ दाबून तिथे पोहोचतो. म्हणून शेवटी चाचणी ठेवा आणि नोंद ‘पास्ड’वरच घ्या. लॉकआउट-टॅगआउटसारखं (दुरुस्तीआधी मशीनचा वीजपुरवठा तोडून कुलूप आणि पाटी लावण्याचं) काम मात्र सुपरवायझरने मशीनपाशी करून घ्यायलाच हवं. इथे जिवाशी गाठ आहे, स्क्रीन पुरत नाही.

‘काल निम्मा केला होता, आज पुन्हा पहिल्यापासून!’ ही तक्रार आली की सगळे सर्व्हरला दोष देतात. कारण बहुधा कोर्समध्ये असतं. स्कॉर्म १.२ मध्ये अर्धवट प्रगती साठवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा असते. लांबलचक कोर्स ती ओलांडतो आणि खूण हरवते. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. टॅब थेट बंद न करता कोर्समधलं ‘एक्झिट’ दाबायला शिकवा.

मूडल हे एलएमएस फुकट, हेही अर्धंच खरं. परवान्याला पैसे नाहीत. सर्व्हर, बॅकअप, अपडेट यांना लागतात. क्रॉन (सर्व्हरवर ठरलेली कामं आपोआप करणारा प्रोग्राम) दर मिनिटाला चालतोय ना, तेही बघा. तो बंद पडला की आठवणीचे मेल जात नाहीत.