लाकडी घड्याळ, पुढचा टप्पा: दर साडेसात मिनिटांनी थांबायचा प्रकार

तर मंडळी, घड्याळ चालतंय. आत्तापर्यंत ते चालायचं, थांबायचं, लंबकाला धक्का दिला की परत चालायचं. आता रात्रभर विनातक्रार चालायला लागलंय. मधे जे काही सापडलं ते सविस्तर लिहितो, कारण प्लायची चाकं कापणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येणारच.

नवीन वाचणाऱ्यांसाठी आधी पटकन मांडणी सांगतो. लंबक सेकंदाचा आहे, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद, लांबी साधारण ९९.४ सेंमी. एस्केप व्हीलला, म्हणजे लंबकाच्या एका ये-जा ला एक दाता सुटणाऱ्या चाकाला, ३० दाते, त्यामुळे ते बरोबर मिनिटात एक फेरी मारतं आणि सेकंद काटा त्याच्याच शाफ्टवर फुकटात बसतो. तिथून मिनिट काट्यापर्यंत ६० चा रेशो लागतो, तो ६४/८ आणि ६०/८ (मोठ्या चाकाचे दाते/छोट्या चाकाचे दाते) असा काढलाय, आठ गुणिले साडेसात. तास काट्यासाठी ३०/१० आणि ३२/८, म्हणजे तीन चोक बारा, आणि हेच आकडे का तर दोन्ही जोड्यांच्या दात्यांची बेरीज ४० येते, एकाच मॉड्यूलला (व्यास भागिले दात्यांची संख्या, थोडक्यात दात्याचा आकार) दोन्हींच्या केंद्रांमधलं अंतर सारखं राहतं आणि तास काट्याची नळी मिनिट काट्याच्या शाफ्टवर आरामात चढते. मॉड्यूल २.५ आहे, म्हणजे ६४ दात्यांचं चाक १६० मिमीचं. सगळी चाकं ६ मिमी बर्च प्लायची.

सॉलिड लाकूड का नाही वापरलं हे विचारलं जातंच. एका फळीतून चाक कापलं की समोरासमोरच्या दोन बाजूंचे दाते लाकडाच्या तंतूंच्या रेषांना आडवे पडतात आणि ते टिचकी मारली तरी तुटतात. शिवाय हवा दमट झाली की फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही, मग गोल चाक लंबगोल होऊन बसतं. इंग्लंडचा घड्याळजी जॉन हॅरिसन १७१३ पासून लाकडी घड्याळं करत होता, त्याने ओकच्या चाकांना दात्यांचे तुकडे वेगळे करून असे बसवले की रेषा केंद्राकडून बाहेर जातील. केवढं किचकट काम! प्लायमधे एकाआड एक थर काटकोनात असल्यामुळे आपली ती कटकट वाचते, पण प्लायची स्वतःची एक खोड आहे, तिच्यावर येतोच.

तर थांबण्याचा प्रकार. अशा वेळी पहिला सल्ला कायम एकच मिळतो, वजन वाढव. माझं ठाम मत आहे की ते शेवटी करायचं, आधी अजिबात नाही. जास्त वजन टांगलं की घड्याळ चालतं खरं पण दोष तिथेच राहतो, वर पॅलेट, म्हणजे एस्केप व्हीलचे दाते अडवणारे-सोडणारे तुकडे, झिजायला लागतात ते वेगळंच. माझं वजन ४ किलोचं, दोरीचा ड्रम ४० मिमी व्यासाचा, तो आठ तासात एक फेरी घेतो, म्हणजे दिवसाला वजन साधारण ३८ सेंमी खाली येतं. हिशोब केला तर अख्ख्या घड्याळाला मिळणारी पॉवर एक पंचमांश मिलीवॅटपण भरत नाही. एवढ्याशा ताकदीत एखादा दाता जरासा जरी खरखरीत असला तरी खेळ खल्लास.

वजनाला हात न लावता थांबण्याच्या वेळा कागदावर लिहायला सुरुवात केली. प्रत्येक शाफ्टचा फेरीचा वेळ ठरलेला आहे, एस्केप व्हीलचा एक मिनिट, मधल्या चाकाचा साडेसात मिनिटं, मिनिट काट्याच्या शाफ्टचा एक तास, त्यामुळे दोन थांब्यांमधलं अंतर बघितलं की दोष कुठल्या शाफ्टवर आहे ते चाक न उतरवता कळतं. माझी सगळी अंतरं साडेसातच्या पाढ्यात निघाली. साडेसात, पंधरा, साडेबावीस. म्हणजे दोषी मधलं चाक किंवा त्याच शाफ्टवरचं पिनियन (८ दात्यांचं छोटं चाक), बाकी सगळे निर्दोष सुटले. मग घड्याळ थांबलं की त्या क्षणी जे दाते एकमेकांत अडकलेत त्यांच्यावर पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा, आणि पुढच्या वेळी ठिपका त्याच जागी आला की चोर सापडला.

सापडला तो दाता वरून एकदम चकाचक होता. टेबल लॅम्प आडवा धरून बघितलं तेव्हा दात्याच्या बाजूवर, बरोबर मधल्या थरात, नखाच्या टोकाएवढी पोकळी दिसली आणि तिच्या काठावर दोन-तीन तंतू उभे राहिलेले. हीच ती प्लायची खोड, आतल्या थरात कधी कधी लाकूडच नसतं आणि वरून काही पत्ता लागत नाही. पिनियनचा दाता तिथे आला की तंतूंवर घासायचा, लंबकाचा झोका थोडा कमी व्हायचा, कधी निभावून जायचं आणि कधी थांबायचं, म्हणून तर प्रत्येक फेरीला थांबत नव्हतं. उपाय सोपा आहे, पोकळीत लाकडाचा भुसा दाबायचा, वर पातळ सुपरग्लूचा थेंब, तो आत शोषला जाऊन दगडासारखा होतो, मग बारीक कानस आणि ४०० नंबरचा पेपर. हे करताना बाजूचे दाते मास्किंग टेपने झाका.

तेल कुठेच घालू नका. लाकूड ते पितं, फुगतं, वर धूळ धरतं. दात्यांवर ग्रॅफाइटची पूड ब्रशने लावून कापडाने पुसून काढली एवढंच. हॅरिसनने बेअरिंगना लिग्नम व्हिटे हे अतिशय कठीण लाकूड वापरलं होतं, त्या लाकडात मुळातच तेलकटपणा असतो. माझ्याकडे स्टीलचे शाफ्ट पितळी बुशमधे फिरतात, ते कोरडेच ठेवलेत.

मग बीट, म्हणजे टिक आणि टॉक सारख्या अंतराने पडणं. एस्केपमेंट (एस्केप व्हील आणि पॅलेटची जोडी) डेडबीट प्रकारची आहे, लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम या घड्याळजीने १७१५ च्या सुमाराला वापरात आणलेली, ज्यात सेकंद काटा दर ठोक्याला मागे सरकत नाही. टिक आणि टॉकमधलं अंतर कानाने सारखं वाटत होतं पण फोनवर रेकॉर्ड करून लाटा मोठ्या करून बघितल्या तर एक अंतर दुसऱ्यापेक्षा स्पष्ट मोठं. क्रच, म्हणजे पॅलेटकडून लंबकाला धक्का पोचवणारा दांडा, केसभर वाकवला, परत रेकॉर्ड, परत वाकवला, असं करत अंतरं जुळली. कानावर विश्वास ठेवू नका राव, कान फार समजूतदार असतो.

वेळ लावायची घाई मुद्दाम केलेली नाही. लंबकाखालच्या एम४ नटाचा पिच ०.७ मिमी, एक पूर्ण फेरी म्हणजे दिवसाला साधारण ३० सेकंदांचा फरक, त्यामुळे नट फिरवायचा मोह होतोच. पण झोका मोठा झाला की लंबकाला एका फेरीला किंचित जास्त वेळ लागतो, मध्यापासून ३ अंशांचा झोका ४ अंशांवर गेला तर घड्याळ दिवसाला साधारण ११ सेकंद मागे पडतं. चाकं घासून घासून गुळगुळीत होत जाणार, झोका अजून वाढणार, मग आज लावलेली वेळ उद्या चुकणार. झोका एका आकड्यावर टिकला की मगच नटाला हात.

लंबकाची दांडी लाकडीच ठेवलीय. स्टीलची असती तर तापमान १० अंश वाढलं की दिवसाला ५ सेकंदांच्या आसपास मागे, लाकूड रेषांच्या दिशेने त्याहून बरंच कमी वाढतं. त्याला त्रास ओलाव्याचा, म्हणून शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) तीन हात दिलेत, टोकांनाही. टोकं विसरू नका, ओलावा तिथूनच सगळ्यात जास्त शिरतो.

आता राहिली चावी द्यायची भानगड. चावी देताना वजन उचललं जातं, तेवढा वेळ चाकांना जोर मिळत नाही आणि घड्याळ काही सेकंद मागे पडतं. त्यावर डच शास्त्रज्ञ हायगेन्सची अखंड दोरी लावायचा विचार आहे, वजन पुलीला टांगायचं, मग चावी देतानाही दोरीची एक बाजू चाक ओढतच राहते. त्यात चाकाला वजनाचा निम्माच जोर मिळतो, म्हणजे ४ च्या जागी ८ किलो टांगायचं, बदल्यात वजन निम्म्या वेगाने खाली येतं. सध्याचा भिंतीतला हुक ८ किलोचा वाटत नाही, त्यामुळे पुढचं काम दोरीचं नाही, हुकाचं.