नळाच्या पाण्याची तपासणी: बाटली भरण्यापासून टाकी धुण्यापर्यंत

पाणी तपासायचं म्हटलं की स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटली भरायची आणि प्रयोगशाळेत देऊन यायचं, असंच बहुतेक ठिकाणी होतं. अशा एका नमुन्यावरून पाणी बिघडलंय एवढं कळतं, कुठे बिघडलं ते कळत नाही. म्हणून मी तीन जागा धरल्या: मीटरला लागून असलेला थेट जलवाहिनीवरचा नळ, टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवरची पहिली तोटी आणि स्वयंपाकघरातला नळ. तिन्ही नमुने एकाच सकाळी, पाणी सुटलेलं असतानाच घेतले.

क्लोरीन जागेवरच मोजावा लागतो. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो उतरतो. डीपीडी (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारं रसायन) गोळ्यांचा रंग जुळवायचा साधा संच पुरतो. ऑर्थोटोलिडीनचा पिवळा रंग दाखवणारा जुना संच टाळावा, ते रसायन घातक आहे आणि मोकळा (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन वेगळा असा त्यात कळत नाही. नळी त्याच पाण्याने विसळायची, डीपीडी १ ची गोळी बोट न लावता पाकिटातून थेट आत पाडायची, थोड्या पाण्यात चुरायची आणि मग १० मिलीलिटरच्या खुणेपर्यंत भरायचं. पांढऱ्या कागदासमोर धरून एका मिनिटाच्या आत रंग जुळवायचा. उशीर केला की संयुक्त (इतर पदार्थांशी जोडला गेलेला) क्लोरीनही गुलाबी छटा वाढवतो आणि आकडा फुगतो. उलट, गोळी टाकताच गुलाबी रंग चमकून लगेच उडाला, तर ‘क्लोरीन नाही’ असं लिहू नका. तो इतका जास्त असू शकतो की रंगच जाळून टाकतो. अशा वेळी पाणी डिस्टिल्ड पाण्याने दसपट पातळ करून पुन्हा पाहावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार घरापर्यंत पोचलेल्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. मीटरजवळ मला ०.५ मिळाला, टाकीच्या तोटीला जेमतेम ०.१ आणि स्वयंपाकघरात शून्य. अहवाल येण्याआधीच बोट टाकीकडे वळलं होतं. सामूही (पीएच) पाहून ठेवावा. तो ८.५ च्या घरात असेल तर मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे दहावा हिस्साच जोरकस हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. आकडा चांगला दिसतो, पण जंतू मारायला वेळ लागतो.

जिवाणू तपासणीची बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी. तिच्या तळाशी दिसणारी चिमूटभर पांढरी पूड म्हणजे सोडियम थायोसल्फेट. नमुन्यातला क्लोरीन ते मारतं, नाहीतर वाटेतही जंतू मरत राहतील आणि अहवाल खोटाच चांगला येईल. म्हणून ही बाटली विसळायची नाही. विसळल्याने नमुना वाया जातो. नळाच्या तोंडाची जाळी काढायची, तोंड पुसून धातूचं असेल तर ज्योतीने शेकायचं, प्लास्टिकचं असेल तर स्पिरिटने पुसायचं आणि दोन-तीन मिनिटं पाणी एकसारखं वाहू द्यायचं. झाकण करंगळीत अडकवून आतली बाजू खाली ठेवायची, ते ओट्यावर ठेवायचं नाही. बाटलीत वर बोटभर जागा सोडावी, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना हलवता येतो. बर्फाच्या डब्यातून न्यायचं, पण गोठू द्यायचं नाही. सहा तासांत पोचलं तर उत्तम, २४ तासांच्या पुढे गेलेला नमुना देऊच नये.

अहवालात दोन ओळी पाहायच्या. एकूण कोलिफॉर्म (जिवाणूंचा एक गट) मातीतून, पाइपातल्या थरातूनही येतात, ती इशारावजा खूण. त्याच गटातला ई. कोलाय मात्र विष्ठेतूनच येतो आणि १०० मिलीलिटरमध्ये तो एकही असू नये. माझ्याकडे मीटरचा नमुना स्वच्छ, टाकीचा आणि स्वयंपाकघराचा ई. कोलायसकट. मीटरचाच नमुना खराब निघाला असता तर टाकी धुऊन काही उपयोग नव्हता. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतला दाब उतरतो, गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि पाणी सुटलं की पहिल्या लोंढ्याबरोबर घरात येतं. अशी तक्रार करताना तारीख, वेळ, नळाची जागा आणि क्लोरीनचा आकडा लेखी द्यावा. ‘पाण्याला वास येतो’ यावर कुणी खोदकाम करत नाही.

टाकीत तीन दोष सापडले. झाकण एका बाजूने उचललेलं होतं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नव्हती आणि तळाशी दोन बोटं गाळ होता. गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आत येणाऱ्या पाइपचं तोंडही पाहा. ते ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर हवं. पाण्यात बुडालेलं असेल तर दाब उतरताच टाकीतलं घाण पाणी उलटं जलवाहिनीत ओढलं जातं आणि शेजाऱ्यांच्या नळाला येतं.

गाळ काढून, भिंती घासून टाकी पुन्हा भरली. १००० लिटर पाण्याला ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन. हे द्रावण ठेवून ठेवून मंदावतं, म्हणून मिसळल्यावर मोजणं आवश्यक. टाकीतलं एक माप पाणी डिस्टिल्ड पाण्याने ५० मापांपर्यंत वाढवलं आणि डीपीडीवर १ च्या आसपास आलं की प्रमाण बरोबर. जवळ आम्लाचा क्लीनर नको, त्याच्याशी मिसळून क्लोरीन वायू सुटतो. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडायचा, मग बंद करून १२ तास तसंच ठेवायचं. तेवढा वेळ ते पाणी कुणीही प्यायचं नाही. नंतर ते झाडांना किंवा ओढ्यात न सोडता सांडपाण्याच्या नळीत सोडायचं.

फेरतपासणीची घाई करू नये. नळाला क्लोरीन नेहमीच्या पातळीवर आल्यावर आणखी तीन दिवस थांबून नमुना घेतला. या वेळी तिन्ही बाटल्यांत ई. कोलाय आढळला नाही आणि स्वयंपाकघरात क्लोरीन ०.३ होता.

शिशाची तपासणी करायची असेल तर नियम नेमका उलटा. रात्रभर, किमान सहा तास नळ बंद ठेवायचा आणि सकाळचं पहिलं एक लिटर पाणी, एक थेंबही वाहू न देता, वेगळ्या बाटलीत घ्यायचं. मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. इथे उकळणं कामाचं नाही. उकळून जंतू मरतात, पण शिसं आणि नायट्रेट वाफेबरोबर जात नाहीत, उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतात.