तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापुरात बसून समुद्रावर पीएचडी कसली?

लग्नात भेटा, दवाखान्यात भेटा, प्रश्न ठरलेला. "समुद्र तिकडं रत्नागिरीला, तू इथं कोल्हापुरात. मग समुद्रावर पीएचडी कसली करायलीस? आणि अजून संपेना कशी?" दोन्हींचं उत्तर एकदाच देते.

मला समुद्र लागतो तो कॅनमधून. 130 किलोमीटरवरनं, आंबा घाट चढून पाणी येतं. ते गाळून, निर्जंतुक करून त्यात मी डायॅटम वाढवते, म्हणजे काचेच्या कवचातले एकपेशीय वनस्पतिप्लवक, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातलं जवळपास निम्मं काम असे सगळे वनस्पतिप्लवक मिळून करतात. वजन बघाल तर सगळ्या वनस्पतींच्या एक टक्काही नाही. आमचे एक काका यावरून "आपला निम्मा श्वास तेच देतात" असं कौतुकानं सांगतात. तसं नाही. तो ऑक्सिजन बहुतेक समुद्रातच परत वापरला जातो. माझं काम मोठं दिसावं म्हणून मला खोटा आधार नको.

पाणी तापत गेलं तर हे जीव नुसते सोसतात, की पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात, एवढाच माझा प्रश्न. दिवसाला साधारण एका पेशीच्या दोन होतात. वर्षाच्या 300 पिढ्या धरा; माणसाच्या हिशेबानं सात-आठ हजार वर्षं. त्याला बोट नको, बंदर नको. एकच तापमान लागतं, न तुटता.

ते 2019 च्या ऑगस्टमध्ये तुटलं. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, आमच्याकडं वीज गेली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. कॅन घेऊन पंपावर गेले तर इंधन फक्त अत्यावश्यक सेवांना. माझ्यापुढं रुग्णवाहिका उभी होती. काय बोलणार? तशीच परत आले. इन्क्युबेटरच्या दारावरचा आकडा विझलेला. आत हात घातला तर 32 अंशांवर ठेवलेले फ्लास्क गार लागले. मोबाइलचा उजेड मारला; तळाशी तपकिरी साय धरली होती. तेच माझे डायॅटम.

वीज आली तेव्हा काही मेले होते, काही जगले होते. "जगले ना, मग पुढं चालू करायचं!" असं आजही लोक म्हणतात. घोडं अडतं ते इथंच. उरलेले उष्णता सोसून उरले नव्हते, अंधार सोसून उरले होते. आता ते 32 अंशांवर चांगले वाढले तरी कशामुळं, हे छातीठोकपणे कसं सांगू? अमेरिकेत 1988 पासून ई. कोलाय जिवाणूंवर असाच प्रयोग चालू आहे. ते ठरावीक पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवतात, अडलं की मागं जातात. माझ्या डायॅटमना गोठवणं मानवलं नव्हतं.

सर म्हणाले, आहे तेवढं लिही आणि मोकळी हो. मी पहिल्यापासून सुरू केलं. त्या वेळच्या माझ्याशी मी आज भांडते: फेलोशिप संपत आलेली तुला दिसत नव्हती का? ती ऐकत नाही, आणि तिचं सगळंच चुकलं असंही मला म्हणवत नाही. त्याच आठवड्यात शिरोळकडं लोकांची घरं, जनावरं गेली. मी फ्लास्कांसाठी रडले, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

अंधारातून उरलेले वंश मी टाकले नाहीत. सरांच्या मते प्रबंधात त्यांना जागा नाही. पण पावसाळ्यात अरबी समुद्रावर ढग दाटतात, खवळलेलं पाणी पेशींना खोल ओढून नेतं. तिथं तरी ताण एकेकटा कुठं येतो? म्हणून पुरातले आणि नवे, दोन्ही वंश आता 32 अंशांवर शेजारी शेजारी लावलेत. त्यांच्या वाढीचा दर मोजून होईपर्यंत प्रबंध थांबेल. सर वैतागलेत, घरचेही.