बजरीगरांसाठी परसातली शेड

आठ-दहा बजरीगरांना (छोट्या ऑस्ट्रेलियन पोपटांना) 6 फूट लांब, 4 फूट रुंद, साडेसहा फूट उंच शेड पुरते. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पक्षी आडवे उडतात. (देशी पोपट नकोच, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो पाळणं गुन्हा आहे.)

जाळी अर्ध्या इंची वेल्डेडच घ्या. कोंबड्यांच्या जाळीतून उंदीर, साप सहज शिरतात. नव्या जाळीवरचे जस्ताचे कण पक्षी चोचीने खरवडतात आणि विषबाधा होते. म्हणून आधी व्हिनेगरने घासून धुवा, मगच ठोका. तळाशी फूटभर जाळी जमिनीत गाडा, नाहीतर घुशी खालून पोखरतात.

पावसाची झड येते ती बाजू पूर्ण बंद. नुसता पत्रा मे महिन्यात भयंकर तापतो, खाली प्लायवूड लावा. दार दुहेरी हवंच, म्हणजे एकामागे एक दोन दारं, आत जाताना पक्षी निसटत नाहीत. बसायला पेरूच्या फांद्या, कमीजास्त जाडीच्या.